जुन्या चिनीमातीची पारखी : लेडी शार्लट श्रायबर

चरित्र म्हटले की लढाया, तुरुंगवास आणि सिंहासने आपल्या डोळ्यांपुढे येतात. परक्या मुलखात गल्लीबोळांतून जुन्या कपबश्या शोधत हिंडणाऱ्या एका इंग्रज बाईचे चरित्र कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. माझ्यापुरते कारण सांगते. माझी आई बोहारीण आहे. जुने कपडे घेऊन भांडी देणे हा आमच्या घरचा धंदा. त्यामुळे दुसऱ्याने अडगळीत टाकलेली वस्तू पारखून घेणारी एक बाई थोर म्हणून ओळखली जाते, हे वाचल्यावर मला तिच्याविषयी अधिक जाणून घ्यावेसे वाटले.

शार्लटचा जन्म १९ मे १८१२ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, अफिंग्टन येथे झाला. वडील लिंडसेचे नववे अर्ल, म्हणजे मोठे उमराव. ती सहा वर्षांची असताना ते वारले. आईने एका पाद्र्याशी पुनर्विवाह केला. त्या सावत्र वडिलांशी तिचे कधीच पटले नाही. त्या काळी उमरावाच्या मुलीनेही फार शिकावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. गाणे, चित्रकला, थोडे फ्रेंच आले की झाले. ही मुलगी मात्र आपल्या हिमतीवर अरबी, हिब्रू आणि फारसीच्या मागे लागली. १८२२ साली तिने रोजनिशी लिहायला घेतली आणि ती १८९१ पर्यंत लिहिली. जवळजवळ सत्तर वर्षे! आपल्यापैकी कितीजणांची रोजनिशी जानेवारीच्या पुढे जाते?

१८३३ साली तिने वेल्समधील डाउलेस येथील लोखंडाच्या कारखान्याचे मालक जॉन गेस्ट यांच्याशी लग्न केले. ते तिच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठे होते. उमरावाच्या मुलीने कारखानदाराशी लग्न करावे, हे तिच्या वर्गाला खालच्या पायरीवर उतरल्यासारखे वाटले. पण शार्लटबाई नुसत्या मालकीणबाई म्हणून बसल्या नाहीत. त्या वेल्श भाषा शिकल्या, कारखान्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब पाहू लागल्या, कामगारांच्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी शाळा चालविल्या. दहा मुले झाली. त्या धबडग्यात वेल्सच्या मध्ययुगीन कथांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर ‘मॅबिनोगिअन’ या नावाने १८३८ पासून भागाभागाने निघाले. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते या ग्रंथामुळे.

१८५२ साली गेस्ट वारले आणि एवढा अवाढव्य कारखाना बाईंच्या हाती आला. पुढच्याच वर्षी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. शाळा काढणाऱ्या बाईंनी ती मागणी मान्य केली नाही. त्यांचे चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. पुढे ज्या पैशातून बश्या आणि पेले जमले, त्याच्या मुळाशी डाउलेसच्या भट्ट्या होत्या.

१८५५ साली बाईंनी मुलाचे शिक्षक चार्ल्स श्रायबर यांच्याशी दुसरे लग्न केले. ते चौदा वर्षांनी लहान! पुन्हा लोकांच्या भुवया वर चढल्या. मात्र हे लग्न सुखाचे झाले, आणि १८६५ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, या जोडप्याला जुन्या चिनीमातीचा नाद लागला.

इथे थोडी या मातीची माहिती दिली पाहिजे. खरी चिनीमाती कशी बनते हे युरोपला अठराव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये १७४० नंतर चेल्सी, बो, डर्बी, वूस्टर असे कारखाने निघाले. त्यांतल्या पुष्कळांनी मातीत काचेची भुकटी किंवा तसलेच काही मिसळून चिनी भांड्यांची नक्कल केली. बोच्या कारखान्याने मातीत हाडांची राख घातली. आज दुकानात ‘बोन चायना’ म्हणून जो कप मिळतो त्याचे मूळ तिथे आहे. विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्रेत्याला कॉर्नवॉलमध्ये योग्य माती सापडली आणि १७६८ साली त्याने खऱ्या चिनीमातीचे पेटंट घेतले. स्टॅफर्डशायरचे कुंभार तापल्या भट्टीत मीठ टाकत; त्याने भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत झिलई चढे. शतक संपेपर्यंत चेल्सी आणि बो दोन्ही बंद पडले. शंभर वर्षांनी त्यांची भांडी कोणाच्या फडताळात, कोणाच्या माळ्यावर धूळ खात पडली होती. संग्रह करणारे श्रीमंत लोक फ्रान्सच्या सेव्हर किंवा जर्मनीच्या माइसेनच्या भांड्यांमागे होते. आपल्याच देशाची जुनी ताटे-वाट्या त्यांना फारशी मोलाची वाटत नसत.

बाईंनी नेमकी तीच धरली. गंमत अशी, की इंग्रजी भांडी शोधायला त्या इंग्लंडबाहेर गेल्या. अठराव्या शतकात स्टॅफर्डशायरचा माल हॉलंडमध्ये खूप जात असे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून रॉटरडॅम, हेग, अॅम्स्टरडॅम अशा शहरांत नवरा-बायको पुन्हा पुन्हा जात. फ्रान्स, जर्मनी, स्पेन, इटली, तुर्कस्तान येथेही हिंडले. मुलगी एनिड ही निनेव्हचे उत्खनन करणाऱ्या लेअर्डना दिली होती. जावई आधी स्पेनमध्ये आणि मग कॉन्स्टँटिनोपलला वकील होता, त्यामुळे लेकीला भेटणेही होई आणि बाजार धुंडाळणेही होई. रात्रीच्या गाड्या, गैरसोयीच्या खाणावळी, पाऊस. कशाचीही पर्वा नाही. कोठे काय पाहिले, काय किमतीला घेतले आणि काय महाग म्हणून सोडले, हे सारे रोजनिशीत उतरत असे.

फसवणूकही होतीच. पॅरिसमध्ये सॅमसन यांचा कारखाना जुन्या भांड्यांच्या हुबेहूब नकला बनवीत असे. चेल्सीची खूण म्हणजे छोटासा नांगर. खूण काय, कोणीही रंगवील! तेव्हा माती, वजन, झिलई आणि रंग यांवरून ओळखावे लागे. त्यासाठी शाळा नव्हती. हजारो भांडी हाताळून ही विद्या बाईंनी मिळविली.

आईचे असेच आहे. ती शाळेत गेलेली नाही. जुन्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून जर खरी की खोटी हे ती सांगते. मी अकरावीत असताना एका घरून तिला एक विटके, फाटके पातळ मिळाले. त्याबदली तिने स्टीलचे पातेले दिले. त्या पातळाची जर चांदीची होती. कॉलेजातली माझी पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली गेली. देणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हते; आईला ठाऊक होते. शार्लटबाईंची खरेदीही बरीचशी अशीच. विकणाऱ्याला आपल्या हातातल्या बशीची किंमत कळत नसे, म्हणून ती स्वस्तात मिळे. याला ज्ञानाचे फळ म्हणावे की दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा, याचा मी पुष्कळ विचार केला. आईला विचारले, तर तिने पातेले चांगले जाड बुडाचे दिले होते एवढेच सांगितले.

बाईंनी संग्रह विकून पैसा केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मार्च १८८४ मध्ये लिस्बन येथे चार्ल्स श्रायबर वारले. त्याच वर्षी बाईंनी त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजी चिनीमातीचा सारा संग्रह, सुमारे अठराशे वस्तू, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला देऊन टाकला. आज त्या संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात. वस्तूंची यादी त्यांनी स्वतःच तयार केली आणि १८८५ साली ती छापली गेली. ज्या भांड्यांकडे कोणी पाहत नव्हते, त्यांचा अभ्यास करणाऱ्याला पुढे ही यादी उघडावीच लागली. जमविलेले पंखे आणि पत्त्यांचे जोड ब्रिटिश म्यूझियमला गेले. रोजनिशीतील संग्रहाचा भाग मुलगा माँटेग्यू याने संपादित केला आणि तो १९११ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

अखेरच्या वर्षांत बाईंची दृष्टी गेली. तेव्हा त्यांनी लोकरीचे गळपट्टे विणायला घेतले, ते लंडनच्या भाड्याच्या घोडागाड्या हाकणाऱ्यांसाठी. थंडीत उघड्यावर बसणारी ती माणसे. डोळ्यांचे काम संपले तरी बोटांचे चालूच होते. १५ जानेवारी १८९५ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, डॉर्सेटमधील कॅनफर्ड येथे त्यांचे निधन झाले.