आनंदीबाईंबरोबर समुद्र ओलांडूया

बालमित्रांनो, आपल्या चँडलरला समुद्र नाही. आजूबाजूला वाळवंट, निवडुंग आणि कालवे. वर्गात ‘समुद्र’ हा शब्द शिकवताना आम्हाला फळ्यावर निळा खडू ओढून दाखवावा लागतो. म्हणून या अंकात आम्ही एका मुलीची खरी गोष्ट सांगणार आहोत. घरात पृथ्वीचा गोल असेल तर जवळ घ्या, नसेल तर जगाचा नकाशा चालेल. आईकडून एक लांब निळा दोरा मागून घ्या. गोष्टीबरोबर तो नकाशावर सोडत जायचा आहे.

मुंबईजवळ कल्याण हे खाडीकाठचे गाव आहे. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी जिथून जमिनीत आत येते ती खाडी. ही खाडी अरबी समुद्राला मिळते आणि अरबी समुद्र हा हिंदी महासागराचा भाग आहे. लहान तो समुद्र, फार मोठा तो महासागर, एवढे छोट्यांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले. तेव्हा तशी रीतच होती. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले. बायकोने शिकलेच पाहिजे असा गोपाळरावांचा ध्यास होता. मात्र त्यांची शिस्त फार कडक होती. अभ्यास चुकला तर ते रागावत, मारतही. हे चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही, पण खरी गोष्ट सांगायची तर तेही सांगायला हवे.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. त्या काळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला बायका लाजत, आणि बाई डॉक्टर तर मिळतच नसे. आपण स्वतःच डॉक्टर व्हायचे, असे आनंदीने मनाशी ठरवले.

१८८० साली गोपाळरावांनी तिच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर एकदा दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी ते वाचले. त्यांनी ओळखपाळख नसताना पत्र पाठवले आणि पुढे आनंदीला एक अमेरिकन मावशी मिळाली. फोन नव्हता. पत्र बोटीने जाई आणि उत्तर यायला महिने लागत.

आता प्रश्न होता जाण्याचा. त्या वेळी समुद्र ओलांडणे पाप समजत. परदेशी जाऊन आलेल्याला जातीबाहेर टाकत. गोपाळरावांची नोकरी तेव्हा कलकत्त्याजवळ सेरामपूरला होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथल्या कॉलेजात जमलेल्या लोकांसमोर आनंदी उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जात आहोत ते तिने इंग्रजीत समजावून सांगितले. आपल्या देशात बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. तेव्हा ती अठरा वर्षांचीही झाली नव्हती.

आता दोरा घ्या. ७ एप्रिल १८८३ रोजी तिची बोट कलकत्त्याहून सुटली. गोपाळराव मागे राहिले, सोबत काही अमेरिकन स्त्रिया होत्या. हुगळी नदीतून बंगालच्या उपसागरात या. श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरा. मग लांबट, अरुंद तांबडा समुद्र. त्याच्या टोकाला सुएझचा कालवा, जो १८६९ साली खुला झाला होता. तो नसता तर सगळ्या आफ्रिकेला फेरा घालावा लागला असता. कालव्यापलीकडे भूमध्य समुद्र, मग युरोप, आणि शेवटी अटलांटिक महासागर. ४ जून रोजी ती न्यूयॉर्कला उतरली. आम्ही वर्गात दिवस मोजले, ते अठ्ठावन्न भरले! आपण सुट्टीत विमानाने जातो तेव्हा दोन सिनेमे आणि एक झोप झाली की मुंबई येते.

आनंदीने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले. कडाक्याची थंडी, परके अन्न, पण तिने साडी सोडली नाही. १८८५ सालचा तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तिच्याबरोबर जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली आहे. एकीचा देश प्रशांत महासागरात, दुसरीचा भूमध्य समुद्राकाठी आणि आपली आनंदी हिंदी महासागराकडची. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या.

पण तिला क्षयरोगाने गाठले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये आनंदीबाई गोपाळरावांबरोबर परत निघाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती, पण त्यांना तिथे काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. म्हणजे दोरा पुन्हा एकदा अटलांटिकपार न्या.

पालकहो, हा शेवट लहान मुलांना सांगावा की नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. मग सांगायचे ठरले. मरायचेच होते तर ती गेली कशाला, असे एका मुलीने लगेच विचारले. आम्ही तिला रखमाबाईंचे नाव सांगितले. आनंदीबाईंनंतर दोनच वर्षांनी, १८८९ साली, रखमाबाई समुद्र ओलांडून लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षे स्त्रियांवर उपचार केले. आनंदीबाईंना स्वतःला दवाखाना चालवता आला नाही, पण समुद्रावरची ती वाट मागून येणाऱ्यांसाठी मोकळी झाली. आपणही त्याच वाटेने इथे आलो आहोत, हे मुलांना कळावे असे आम्हाला वाटते.

घरी करा:

१. दोऱ्याने किती महासागर ओलांडले? कुठले तीन राहिले? (उत्तर: हिंदी आणि अटलांटिक ओलांडले. प्रशांत, आर्क्टिक आणि दक्षिण महासागर राहिले.)

२. आई-बाबा इथे येताना कुठले समुद्र त्यांच्या विमानाखाली होते? त्यांना विचारा आणि दुसऱ्या रंगाचा दोरा लावा.

३. जुलैत चँडलरला धुळीच्या वादळामागून पाऊस येतो. त्यातले बरेचसे बाष्प कॅलिफोर्नियाच्या आखातातून येते. ते आखात नकाशावर शोधा. आपला सर्वांत जवळचा समुद्र तोच!

दोरा लावलेला नकाशा पुढच्या रविवारी वर्गात जरूर आणा.