चिमणीने दाखविलेली वाट : डॉ. सलीम अली यांचे चरित्र

दरवर्षी हिवाळा लागला की आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शाळांतून सहलींचे बेत शिजू लागतात. कोणी कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहावयास जातात, कोणी नेवासे-शेवगावकडे नाथसागराच्या काठी पाणपक्षी पाहावयास जातात, तर कोणी पुण्याच्या प्राणिसंग्रहालयाची किंवा मुंबईच्या राणीच्या बागेची वाट धरतात. अशी सहल म्हणजे केवळ एक दिवसाची मौज, की तिच्यामुळे एखाद्या मुलाच्या साऱ्या आयुष्यास वळण लागू शकते? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते असे एक थोर पुरुष आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली हेच ते होत.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते नववे. एक वर्षाचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले व तिसऱ्या वर्षी मातृवियोग घडला. ह्या पोरक्या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. त्या दंपतीस स्वतःचे अपत्य नव्हते. त्यामुळे त्यांनी ह्या भाचरांवर पोटच्या मुलांप्रमाणे माया केली. लहान सलीमचे पहिले शिक्षण गिरगावातील एका मिशनच्या मुलींच्या शाळेत बहिणींच्या सोबतीने झाले व पुढे तो सेंट झेवियर शाळेत जाऊ लागला.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्यास एक छऱ्याची लहानशी बंदूक दिली होती. एके दिवशी दहाबारा वर्षांच्या सलीमने तिने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घरादारांतील चिमण्यांस असा डाग नसतो. ही कोणती चिमणी, व हिचे मांस खाणे आपल्या धर्मास संमत आहे की नाही, अशी शंका त्याने मामांस विचारली. मामांस उत्तर ठाऊक नव्हते. परंतु त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. ते स्वतः मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेब यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली व भाच्यास तिकडे धाडले.

ह्या सोसायटीची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. मुंबईच्या राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये (आताच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात) १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी गृहस्थ जमले व त्यांनी ती स्थापन केली. त्या आठांत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्यापैकी होते. पुढे सोसायटीचे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर गेले. तेथे पेंढा भरलेले पशुपक्षी, सर्प, कीटक यांचा संग्रह होता. शिवाय विल्यम नावाचा एक जिवंत धनेश पक्षीही १८९४ पासून १९२० पर्यंत तेथे नांदत होता. त्याचेच चित्र आजही सोसायटीचे बोधचिन्ह आहे.

अशा त्या अपरिचित दालनात मृत चिमणी घेऊन हा मुलगा बिचकतच शिरला. मिलर्ड साहेब मोठ्या हुद्द्याचे गृहस्थ. समोर एक किरकोळ शाळकरी पोर. दोन शब्दांत त्याची बोळवण करणे सहज शक्य होते. परंतु त्यांनी ही गळ्यावर पिवळा ठिपका असलेली रानचिमणी आहे असे सांगितले, आणि तेवढ्यावरच न थांबता त्यास हाताशी धरून कपाटामागून कपाट उघडून दाखविले. आपल्या देशात चिमण्यांच्या किती निरनिराळ्या जाती आहेत हे त्या मुलाने प्रथमच पाहिले. वाचावयास पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी कशी जतन करावी व नोंदी कशा ठेवाव्यात हे शिकविण्याचीही व्यवस्था केली. सलीम अलींनी आपल्या आयुष्याच्या ओघाचा उगम ह्याच भेटीत मानिला, आणि उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी अढळ करून ठेविली.

ह्यानंतर सारे सुरळीत झाले असेल असे मात्र कोणी समजू नये. हा मुलगा शाळेत कधी चमकला नाही. डोकेदुखीच्या विकारामुळे त्याचे शिक्षण मध्येच खंडित झाले व हवापालटासाठी त्यास सिंधमध्ये ठेवावे लागले. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उतरला. कॉलेजचे पहिलेच वर्ष अर्धवट टाकून तो ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या मंडळींच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यापारास मदत करावयास गेला. परंतु हिशेबाच्या वहीपेक्षा भोवतालच्या अरण्यातील पाखरांकडेच त्याचे चित्त अधिक! १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्याने दावर यांच्या कॉलेजात व्यापारी शिक्षण आरंभिले. तेव्हा सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी त्याचा खरा कल ओळखला व प्राणिशास्त्रही शिकण्यास प्रवृत्त केले. त्याप्रमाणे त्याने दोन्ही अभ्यास एकाच वेळी केले. १९१८ च्या डिसेंबरात त्याचा तहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला.

व्यापार त्यांस मानवला नाही. विद्यापीठाची पदवी नसल्याकारणाने सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागाही मिळाली नाही. अखेरीस १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या) नैसर्गिक इतिहास विभागात, दरमहा ३५० रुपये वेतनावर, मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा त्यांस लाभली. येणारे प्रेक्षक व विद्यार्थी यांस दालनांतून हिंडवून तेथील प्राण्यांची माहिती सांगणे हे ह्या पदाचे काम. म्हणजे ज्यास लहानपणी एका थोर गृहस्थाने कपाटे उघडून दाखविली, तोच आता इतरांस काचेपलीकडील सृष्टी उलगडून दाखवू लागला.

येथे पालकांनी व शिक्षकांनी एका गोष्टीचा विचार करावा. काचेआडचा प्राणी स्वतः बोलत नाही. पिंजऱ्यातील वाघही आपली हकीकत सांगत नाही. मुलांचा घोळका कितीही उत्साही असला तरी, ह्या प्राण्याची चोच अशी वाकडी का, हा काय खातो, कोठे राहतो, हे समजावून सांगणारा कोणी नसेल, तर शंभर प्राणी पाहूनही मुले रिकाम्या हातीच परततात. दुर्दैव असे की पैशाची टंचाई भासली म्हणजे पहिली कुऱ्हाड बहुधा ह्या सांगणाऱ्यावरच पडते. सलीम अलींचा अनुभव नेमका हाच. १९२८ साली ते रजा घेऊन जर्मनीस गेले व बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध अभ्यास करून १९३० साली परतले. पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! शिक्षण पूर्ण होऊन आले, आणि उपजीविकेचे साधन गेले.

अशा प्रसंगी पुष्कळांचा धीर खचला असता. सलीम अली व तहमिना बेगम यांनी मुंबईचा खर्चाचा संसार आवरून अलिबागजवळील किहीम ह्या लहानशा गावी समुद्रकाठी वस्ती केली. तेथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी ती रोज तासन् तास निरखिली. आपल्या भाषेने ह्या पक्ष्यास सुगरण असे स्त्रीलिंगी नाव दिले आहे. पण ते प्रसिद्ध घरटे विणणारा असतो नर! नर घरटे अर्धे विणतो, मग मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तरच ती तेथे संसार थाटते, आणि नर ते पुरे करून दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो. हा क्रम त्यांनी प्रथमच नीट नोंदून प्रसिद्ध केला व त्यामुळे शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. पिढ्यान् पिढ्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट धीराने पाहणारा एक मनुष्य लागला.

ह्यापुढील त्यांचे आयुष्य म्हणजे अखंड भ्रमंती होय. हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी वेतन न घेता, केवळ प्रवासखर्चावर केली. मग त्रावणकोर, कोचीन व इतर अनेक प्रदेशांची पाहणी झाली. तंबूतील ह्या कष्टाच्या जीवनात तहमिना बेगम यांची त्यांस मोलाची साथ होती. परंतु १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या निवर्तल्या. हा आघात सोसून सलीम अलींनी काम चालूच ठेविले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने भारतीय उपखंडातील पक्ष्यांची माहिती देणारा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ ह्या काळात सिद्ध झाला. मुलांचाही त्यांस विसर पडला नाही. लईक फतेहअली यांच्यासमवेत त्यांनी नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवर सामान्य वाचकांसाठी सोपे पुस्तक लिहिले.

त्या काळी शास्त्राभ्यासासाठी पक्षी मारून जतन करण्याचा रिवाज होता व तरुणपणी त्यांनीही तसे केले. परंतु पक्षी मोजके उरत चालल्याचे ध्यानी येताच त्यांनी आपला शब्द पक्ष्यांच्या व अरण्यांच्या रक्षणार्थ खर्चिला. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान व केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य राखण्याच्या कामी त्यांचा मोठा हातभार लागला. आपल्या जिल्ह्याशी त्यांचे नाते जडते ते माळढोकामुळे. माळरानावरचा हा धिप्पाड पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा, म्हणजे तरी त्यास संरक्षण मिळेल, असा त्यांचा आग्रह होता. तो मान १९६३ साली मोरास मिळाला. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झाले. पुढच्याच वर्षी काळविटांसाठी रेहेकुरीचे, व १९८६ साली नाथसागरावर जायकवाडीचे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. माळढोक मात्र आज इतका विरळ झाला आहे की, आपल्या आजोबांनी पाहिलेला हा पक्षी नातवंडांस केवळ चित्रात पाहावा लागेल अशी भीती वाटते.

भारत सरकारने त्यांस १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब दिले; १९८५ साली राज्यसभेचे सभासदत्व दिले. ज्यास पदवी नाही म्हणून जागा नाकारली गेली, त्यास विद्यापीठांनी आपण होऊन सन्मान्य पदव्या अर्पण केल्या. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या वर्षी रेहेकुरीस जाल तेव्हा कळपाची गणती करून परतू नका. एकच काळवीट निवडून दहा मिनिटे स्तब्ध उभे राहा. नराची पीळदार शिंगे व काळी पाठ, मादीचा बदामी रंग, बागडणारी पाडसे, सर्व नीट पाहा आणि वहीत उतरवा. न समजले ते विचारा. पालकहो व गुरुजनहो, त्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नसेल. अमिरुद्दीन मामांसही ते ठाऊक नव्हते. त्यांनी केले इतकेच की, मुलाचा प्रश्न हसण्यावारी न नेता, उत्तर जाणणाऱ्याच्या दारापर्यंत त्यास पोचविले. तेवढे आपणां प्रत्येकाच्या हाती खचित आहे.