वृक्षसंवर्धक ल्यूथर बरबँक

सत्कार्यासाठीं द्रव्य मागण्यास धैर्य लागतें. परंतु मिळालेल्या द्रव्याचा चोख हिशेब देण्यास त्याहून मोठा गुण अंगीं असावा लागतो. कर्त्या पुरुषांच्या चरित्रांत पहिला गुण पुष्कळदां आढळतो, दुसरा क्वचित्. अमेरिकेंतील प्रसिद्ध वृक्षसंवर्धक ल्यूथर बरबँक याचें चरित्र या दृष्टीनें विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचण्यासारखें आहे. एका लहानशा रोपवाटिकेपासून आरंभ करून त्यानें फळें, फुलें, भाज्या व इतर वनस्पती यांच्या आठशेंहून अधिक नव्या जाती जगास दिल्या. एका थोर संस्थेनें त्याच्या कार्यास भरघोस साहाय्य देऊं केलें आणि पांच वर्षांनीं तें बंद केलें. तें कां मिळालें आणि कां थांबलें, ही हकीकत त्याच्या यशाइतकीच बोधप्रद आहे.

बरबँकचा जन्म ७ मार्च १८४९ रोजीं अमेरिकेच्या मॅसॅच्यूसेट्स संस्थानांतील लँकेस्टर या गांवीं झाला. त्याचा बाप शेतकरी असून त्याची वीटभट्टीही होती. घर मुलाबाळांनीं भरलेलें. भावंडांत ल्यूथरचा क्रमांक तेरावा. गांवच्या शाळेंत शिकून कांहीं काळ तो ॲकॅडमींत गेला. कॉलेजचें शिक्षण मात्र त्यास लाभलें नाहीं. १८६८ सालीं त्याचा बाप वारला. याच सुमारास डार्विन या शास्त्रज्ञाचा, माणसाळलेले प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांच्यांत होणाऱ्या फेरफारांविषयींचा ग्रंथ त्याच्या हातीं पडला. एकाच फळाच्या बियांपासून उगवलेलीं रोपें एकमेकांसारखीं नसतात. त्यांतून मनाजोगतें रोप निवडून मनुष्यास नवी जात मिळवितां येते, हें त्या ग्रंथावरून त्याच्या मनांत ठसलें. आणि हाच त्याच्या आयुष्याचा उद्योग ठरला.

१८७१ सालीं त्यानें लुनेनबर्ग येथें सतरा एकर जमीन घेऊन भाजीपाल्याचा धंदा आरंभिला. बटाटा लावावयाचा तो डोळे असलेल्या फोडी करून. त्याच्या शेतांत ज्या जातीचे बटाटे होते, तिला फळ व बी धरणें फार विरळा. असें एक फळ त्यास दिसलें. तें पिकेपर्यंत तो लक्ष ठेवून होता. पण एके दिवशीं पाहतो तों तें जागेवर नाहीं. दुसऱ्या कोणीं नाद सोडून दिला असता. बरबँक मात्र आसपासची जमीन पुन्हा पुन्हा धुंडाळीत राहिला, आणि अखेर तें त्यास सांपडलें. त्यांत तेवीस बिया निघाल्या. त्यांच्या रोपांपैकीं एकाचे बटाटे मोठे, गुळगुळीत व संख्येनें भरपूर असे निघाले. १८७५ सालीं त्यानें ही जात एका बियाण्याच्या व्यापाऱ्यास विकली. पांचशें डॉलरांची अपेक्षा होती, मिळाले दीडशें. व्यापाऱ्यानें दहा बटाटे त्याच्याजवळ राहूं दिले. ते बरोबर घेऊन बरबँक त्याच वर्षीं पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थानांत सांता रोझा या गांवीं जाऊन राहिला.

आरंभींचे दिवस हलाखीचे गेले. मिळेल ती मजुरी करावी आणि कधीं कोंबड्यांच्या खुराड्यांत रात्र काढावी, अशी पाळी आली. १८७७ सालीं त्यानें रोपवाटिका काढली. पहिल्या वर्षीं सोळा डॉलरांचीही विक्री झाली नाहीं. दुसऱ्या वर्षींही ती शंभर डॉलरांच्या आंतच राहिली. रोपवाटिकेच्या धंद्यांतील ही अडचण सर्वत्र सारखीच आहे. बियाणें, मजुरी व पाणी यांचा खर्च आज करावा लागतो. रोप विकण्याजोगें होण्यास मात्र वर्ष-दोन वर्षें वाट पाहावी लागते. ज्याच्यापाशीं तोंवर दम धरण्यापुरतें भांडवल नाहीं, त्यास चांगलें ज्ञान असूनही हात बांधून बसावें लागतें.

१८८१ सालच्या वसंत ऋतूंत त्याच्या नशिबानें उचल खाल्ली. पेटालूमा येथील डटन नांवाच्या एका धनिकास वाळवून टिकविण्याच्या आलुबुखाराची मोठी बाग लावावयाची होती. त्यास वीस हजार कलमी रोपें पाहिजे होतीं, आणि तींही त्याच वर्षाच्या अखेरीस. ही गोष्ट अशक्य आहे, असा इतर रोपवाल्यांचा अभिप्राय पडला. बरबँकनें विचार केला आणि काम पतकरलें. डटननें खर्चासाठीं पैसे पुढें दिले. आलुबुखाराची आठळी रुजण्यास फार दिवस लागतात; बदाम मात्र लवकर रुजतो, आणि त्याच्या खुंटावर आलुबुखाराचा डोळा धरतो. म्हणून बरबँकनें बदाम विकत आणून वाळूच्या वाफ्यांत पसरले व वर गोणपाट घालून त्यावर वाळूचा थर दिला. थोड्याच दिवसांत कोंब फुटले. जसजसे कोंब दिसत, तसतशीं रोपें उचलून तीं शेतांत ओळीनें लावण्यांत येत. उन्हाळ्यांत, आपल्याकडे बोरीवर किंवा गुलाबावर डोळा भरतात त्याप्रमाणें, प्रत्येक खुंटावर आलुबुखाराचा डोळा बांधला गेला.

येथपर्यंतचें काम कोणीही कुशल माळी करूं शकला असता. पुढची युक्ति खरी महत्त्वाची. डोळा जोर धरावा म्हणून खुंटाचा शेंडा छाटण्याची वहिवाट असते. परंतु एवढें कोवळें झाड छाटलें तर तें मरावयाचें. बरबँकनें शेंडा न छाटतां तो अर्धवट मोडून खालीं वांकविला. त्यामुळें पानें झाडास अन्न पुरवीत राहिलीं आणि रसाचा ओघ मात्र डोळ्याकडे वळला. डोळे फुटून जोमानें वाढूं लागल्यावर जुना शेंडा काढून टाकला. डिसेंबर येतांच साडेएकोणीस हजार रोपें तयार होतीं. डटन संतुष्ट झाला, आणि सांता रोझाच्या या तरुण माळ्याचें नांव दूरवर पसरलें.

या व्यवहारांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. देणारास काय पाहिजे हें ठरलेलें होतें: अमुक जातीचीं, अमुक संख्येनें, अमुक मुदतींत रोपें. शेवटीं तीं मोजून घेतां येत होतीं. पैसा व काम यांचा मेळ बरोबर बसला.

धंदा भरभराटीस आल्यावर बरबँकनें एक अनपेक्षित निश्चय केला. रोपें विकून श्रीमंत होणें हें त्याचें ध्येय नव्हतेंच. नेहमींच्या विक्रीची रोपवाटिका त्यानें हळूहळू सोडून दिली आणि नव्या जाती निर्माण करण्यास वाहून घेतलें. १८८५ सालीं त्यानें जपानांतून आलुबुखाराचीं रोपें मागविलीं. तसेंच सांता रोझापासून कांहीं मैलांवर सेबॅस्टोपोल येथें प्रयोगांसाठीं जमीन घेतली. तो एका फुलाचे पराग दुसऱ्यावर घालून संकर करी, बियांपासून हजारों रोपें वाढवी, आणि त्यांतून बोटांवर मोजण्याइतकीं निवडी. निवडलेल्या रोपास पांढऱ्या चिंधीची खूण बांधीत. बाकीचीं उपटून त्यांचे ढीग जाळून टाकीत. १८९३ सालीं त्यानें आपल्या नव्या फळाफुलांची यादी छापून प्रसिद्ध केली तेव्हां कित्येकांस ती थट्टाच वाटली. परंतु फळें पाहून व चाखून लोकांची खात्री पटली.

मग इतक्या कर्तबगार मनुष्यास साहाय्याची गरज कां पडावी? कारण साधें आहे. यंत्र शोधून काढणारास त्या काळीं पेटंटचा हक्क मिळे. झाड निर्माण करणारास तो नव्हता. बरबँकनें दहा-पंधरा वर्षें खपून एक नवें आलुबुखाराचें झाड तयार करावें, तें एकदां विकावें, आणि विकत घेणारानें त्याच्याच फांद्यांवरून लाखों कलमें करावीं, असा प्रकार चाले. त्यांतील एक पैही बरबँकला मिळत नसे. शिवाय शंभर प्रयोगांतील नव्वदांस यश नाहीं. त्यांचा खर्च मात्र पुरा. सर्व समाजास ज्याचें फळ मिळावयाचें, त्याचा भार एकट्या माळ्यानें किती सोसावा?

पोलादाच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळविलेल्या अँड्र्यू कार्नेगी यानें १९०२ सालीं एक कोटी डॉलर देऊन वॉशिंग्टन येथें ज्ञानसंशोधनासाठीं एक संस्था स्थापिली होती. बरबँकच्या कार्याकडे या संस्थेचें लक्ष वेधण्यांत आलें. हॉलंडचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो डी व्हरीस हे १९०४ सालीं त्याच्या बागेस भेट देऊन गेले होते. १९०५ सालापासून बरबँकला दरसाल दहा हजार डॉलर देण्याचें संस्थेनें ठरविलें. त्या काळीं ही रक्कम फार मोठी होती. तिच्या बदल्यांत झाडें नकोत, फळें नकोत. त्याच्या पद्धतींचें शास्त्रशुद्ध वर्णन जगास मिळावें, एवढीच संस्थेची इच्छा होती. डटनला रोपें हवीं होतीं. संस्थेस ज्ञान हवें होतें. हा फरक बरबँकच्या लक्षांत पुरता आला नाहीं, असें पुढील गोष्टींवरून वाटतें.

१९०६ सालीं संस्थेनें जॉर्ज हॅरिसन शल या तरुण शास्त्रज्ञास सांता रोझा येथें धाडलें. त्याच वर्षीं एप्रिलांत झालेल्या भयंकर भूकंपानें गांवाचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. बरबँकच्या कांचगृहाची मात्र कांचही फुटली नाहीं. बागेवरील तें संकट टळलें, पण दुसरी अडचण उभी राहिली. शल हा शेतकऱ्याचाच मुलगा, परंतु नव्या शास्त्रांत वाढलेला. मेंडेल या धर्मगुरूनें वाटाण्यांचीं रोपें मोजून काढलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० सालीं नुकतेच पुन्हा उजेडांत आले होते. या शास्त्राचा सारा पाया मोजणीवर. कोणत्या मातापित्यांपासून किती रोपें झालीं, त्यांत कोणत्या प्रकारचीं किती, हें शल विचारी. बरबँकपाशीं त्याचें उत्तर नसे. त्याच्या वह्यांत अर्ध्या कापलेल्या फळांचे कागदावर उठविलेले ठसे होते आणि बाजूस पेन्सिलीनें लिहिलेले त्रोटक शेरे होते. जें रोप निवडलें त्याची आठवण त्यास पक्की. जीं हजारों जाळलीं त्यांची नोंद नाहीं. त्या ढिगांबरोबर शलला हवा असलेला पुरावाही जळून गेला होता.

दोघांपैकीं कोणीही अप्रामाणिक नव्हता. बरबँकला वाटे, प्रश्नांना उत्तरें देण्यांत झाडें पाहण्याचा मोलाचा वेळ जातो. शलला वाटे, नोंदीवांचून हें सारें कौशल्य एका मनुष्याबरोबर नाहींसें होईल. त्यांतच बरबँकनें आपल्या कार्याविषयीं लोकांसाठीं ग्रंथ छापण्याचा वेगळा करार एका प्रकाशकाशीं केला; त्यामुळें संस्थेच्या वृत्तांताचें काम अधिकच अवघड झालें. १९०९ सालाच्या अखेरीस संस्थेनें साहाय्य बंद केलें. शलचा संपूर्ण वृत्तांत कधींच प्रसिद्ध झाला नाहीं. याच शलनें आपल्या मक्याच्या प्रयोगांची मात्र काटेकोर मोजदाद ठेविली, आणि संकरित मक्याच्या ज्या बियाण्यानें पुढें अमेरिकेंतील शेतीचें रूप पालटलें, त्याच्या शास्त्राचा पाया १९०८ च्या सुमारास घातला.

पुढें बरबँकचीं रोपें व बियाणें विकण्यासाठीं एक कंपनी निघाली. पण तिच्या कारभारानें त्याच्या नांवास बट्टा लागला व थोड्याच वर्षांत तिचें दिवाळें वाजलें. एवढें होऊनही त्याचें काम थांबलें नाहीं. ११ एप्रिल १९२६ रोजीं तो मरण पावला. आपल्या घरापुढें स्वतः लावलेल्या देवदाराच्या जातीच्या एका वृक्षाखालीं त्याचें दफन करण्यांत आलें. चार वर्षांनीं, १९३० सालीं, कलमांनीं वाढविल्या जाणाऱ्या नव्या वनस्पतींसही पेटंटचा हक्क देणारा कायदा अमेरिकेंत झाला. त्या वेळच्या चर्चेंत बरबँकचें उदाहरण पुढें करण्यांत आलें होतें, आणि त्याच्या कित्येक झाडांवर त्याच्या पश्चात् पेटंट मिळालें. सांता रोझा नांवाचें त्याचें आलुबुखार आजही लोक आवडीनें खातात. त्याच्या बटाट्यापासून निपजलेली खडबडीत सालीची जात अमेरिकेंत आजही फार मोठ्या प्रमाणावर पिकते. त्याची बागही लोकांसाठीं राखून ठेवलेली आहे.

विद्यार्थी मित्रहो, बरबँकची चिकाटी तर आपण घ्यावीच. हरवलेल्या एका फळासाठीं जमीन धुंडाळणारा आणि अशक्य म्हटलेलीं वीस हजार रोपें अंगावर घेणारा पुरुष वंदनीय खराच. पण त्यास जें साधलें नाहीं, तेंही आपण शिकावें. शाळेच्या बागेंत चार वाफे लावावयाचे असोत कीं मोठी रोपवाटिका वाढवावयाची असो, कोणापाशीं साहाय्य मागण्यापूर्वीं देणारास काय हवें आहे हें नीट समजून घ्यावें, आणि पहिल्या दिवसापासून वही घालावी. तींत किती बिया पेरल्या, किती रुजल्या आणि किती मेल्या, हें सर्व लिहावें. जगलेलें रोप स्वतःच आपली साक्ष देतें. मेलेल्या रोपाची साक्ष वहीशिवाय कोण देणार? अपयशाचीही जो नोंद ठेवतो, त्याच्या हातीं आपला पैसा विश्वासानें देण्यास लोक तयार होतात. आणि तो गेल्यावर त्याचें ज्ञान त्याच्या मागून येणारांच्या उपयोगी पडतें.