मान खाली नाही, आवाजही चढा नाही

वाचकहो, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना एक अनुभव परिचयाचा असेल. साहेब सर्वांना बोलावून एखादा निर्णय सांगतात. तो पटलेला नसतो, तरी कोणी तोंड उघडत नाही. मग पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर त्याच विषयाचा खल होतो आणि साहेबांचा उद्धारही होतो. कधी याच्या उलट घडते. मनात साचलेले एके दिवशी सर्वांदेखत बाहेर पडते, शब्दाने शब्द वाढतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. दोन्ही प्रकारांत काम साधत नाही. मग तिसरा मार्ग आहे काय?

तो आहे, आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या मार्गाने आयुष्यभर चालले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या महापुरुषाचे महाडचे आणि नागपूरचे जीवन आपण नेहमी वाचतो. परंतु बाबासाहेब विद्यार्थी होते, सरकारनियुक्त सभासद होते, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, मंत्रीही होते. या प्रत्येक ठिकाणी त्यांच्या वर कोणीतरी होतेच. त्या वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा ते कसे वागले, हे आज आपण पाहू.

प्रथम लंडनला चला. तेथे त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला होता. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावरील त्यांची टीका परीक्षकांना फार तिखट वाटली आणि १९२३ साली प्रबंध पुन्हा लिहून देण्यास सांगण्यात आले. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला. भाषा सौम्य केली, परंतु निष्कर्ष मात्र तसेच ठेवले. त्याच वर्षी प्रबंध मान्य झाला व ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. आपल्याला यातील बहुतेक युक्तिवाद मान्य नाहीत, असे त्यांनी त्या प्रस्तावनेतच नमूद केले आणि तरीही विचारांच्या ताजेपणाची वाखाणणी केली. गुरूने शिष्याशी असहमत व्हावे, शिष्याने ती असहमती आपल्याच ग्रंथाच्या आरंभी छापावी, आणि दोघांचाही मान राहावा! शब्द बदलण्यात कमीपणा नाही, सत्य बदलण्यात आहे, हे यावरून ध्यानात घ्यावे.

पुढे १९२७ साली गव्हर्नरांनी त्यांची मुंबई विधिमंडळावर नेमणूक केली. ज्याने नेमले त्याची री ओढावी, असा जगाचा रिवाज आहे. बाबासाहेबांनी आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात सरकारच्या महसूलपद्धतीतील अन्याय उघड केला. आयकर भरणाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत सूट मिते, परंतु तुकडाभर जमीन कसणाऱ्या गरीब शेतकऱ्याला शेतसाऱ्यात तशी सूट मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्यात व्यक्तीवर शिंतोडा नव्हता. हिशेब होता आणि न्यायाचा प्रश्न होता.

१९२८ साली सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई प्रांताची समिती नेमली गेली व बाबासाहेब तिचे सभासद झाले. समितीचा अहवाल त्यांना पटला नाही. सर्वांनी सही केली म्हणून आपणही करावी, असे त्यांनी केले नाही आणि सभात्याग करून कामही अर्धवट टाकले नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. आपले काय म्हणणे आहे, का आहे आणि त्याऐवजी काय करावे, हे त्यांनी सविस्तर मांडले. नुसता नकार देणारा माणूस आणि नकाराबरोबर पर्याय देणारा माणूस, यांतील फरक येथे दिसतो.

आता १९४२ सालाकडे या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. लॉर्ड लिनलिथगो हे त्यांचे प्रत्यक्ष वरिष्ठ होते. पद मिळाले म्हणून आपले लोक विसरण्याचा त्यांचा पिंड नव्हता. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना लेखी सादर केले. सरकारी नोकऱ्यांत आमचे लोक किती, शिक्षणावर आमच्यासाठी खर्च किती, असे थेट प्रश्न त्यात होते. ज्याच्या हाती निर्णय होता, त्याच्याच हाती हा कागद गेला. परिणाम असा की १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या आणि उच्च शिक्षणासाठी दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली. त्या शिष्यवृत्त्यांवर आपली मुले परदेशी जाऊन शिकून आली.

बाबासाहेब स्वतः वरिष्ठ झाले तेव्हा कसे वागले, हेही विचारले पाहिजे. पदावर येताच ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद दिल्लीत घेतली. ज्याला आजवर दाराबाहेर उभे राहून बोलावे लागत होते, त्या कामगाराला मेजाशी खुर्ची मिळाली. कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती त्यांच्याच खात्याची. दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सोय करणे, हेही सम्यक वाचेचेच अंग होय.

शेवटचा प्रसंग सर्वांत कठीण. स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री म्हणून स्त्रियांना वारसा व विवाहाचे हक्क देणारे हिंदू कोड बिल त्यांनी पुढे नेले. प्रकृती खालावली असता १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हे विधेयक अग्रक्रमाने घ्यावे, अशी विनंती केली. सप्टेंबरमध्ये विधेयक अर्ध्यावरच सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. तरीही पंतप्रधानांनी विनंती केल्यावरून अधिवेशन संपेपर्यंत ते आपले काम पाहत राहिले. आजारपणाची सबब त्यांनी पुढे केली नाही, तर राजीनाम्याची खरी कारणे एकेक करून देशासमोर ठेवली. याची किंमतही त्यांनी मोजली. लगेच झालेल्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. मात्र ज्या विधेयकासाठी पद सोडले, त्यातील मुख्य भाग १९५५ आणि १९५६ साली स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले.

वाचकहो, ही वृत्ती आपल्या धम्मात मुरलेली आहे. प्राचीन भिक्षुसंघात लोकशाही कामकाजाची पद्धत होती, याची आठवण बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेला करून दिली होती. विनयाप्रमाणे महत्त्वाचा ठराव संघापुढे मांडला की तो तीन वेळा पुकारला जाई. मान्य असेल त्याने मौन पाळावे, अमान्य असेल त्याने तेथेच बोलावे, असा नियम होता. म्हणजे मौन हा होकार धरला जाई. या नियमाचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. सभेत गप्प बसून टपरीवर बोलणाऱ्याने आपला होकार आधीच देऊन टाकलेला असतो.

समजा, माल लवकर काढण्यासाठी प्रेस मशीनचा सुरक्षा सेन्सर बंद ठेवण्यास सांगितले गेले. तेथे आपले मौन म्हणजे कोणाच्या तरी बोटांवर दिलेली संमती होय. अशा वेळी मशीन थांबवा आणि साहेबांना आदराने, परंतु स्पष्ट सांगा. ऐकले नाही तर तारीख घालून लेखी द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. माल वेळेवर जाण्याचा दुसरा उपाय सुचत असेल तर तोही लिहा. कंत्राटी कामगाराची नोकरी एका शब्दावर जाऊ शकते, हे आम्ही जाणतो. म्हणून त्याला एकट्याला पुढे ढकलू नका. कायम कामगारांनी त्याच्या बाजूने उभे राहावे, चौघांनी मिळून सही करावी. बरोबरीच्या सहकाऱ्याशी मतभेद असेल तर चारचौघांत त्याला खाली पाहावयास लावू नका, बाजूला घेऊन बोला.

भोसरीहून देहूरोड फार दूर नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना झाली. आपण तेथे जातो, हात जोडतो, पंचशील ग्रहण करतो. खोटे न बोलण्याचे शील घेणाऱ्याने, पटले नसताना पटल्याची मान हलविणे हेही खोटेच आहे, हे विसरू नये. आणि सत्य बोलताना कठोर शब्दाचा आधार घ्यावा लागत नाही, हे बाबासाहेबांच्या जीवनाने सिद्ध केले आहे.