पाच राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहिणाऱ्या हेलबाई

नोव्हेंबर संपत आला की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अमेरिकेतल्या मुला-नातवंडांचे फोटो येऊ लागतात. लांब टेबल, मधोमध भाजलेली टर्की, भोपळ्याचा गोड पाय आणि भोवती जमलेली मित्रमंडळी. काही घरांत टर्कीच्या जागी पुरणपोळीही दिसते. हा थँक्सगिव्हिंगचा सण, म्हणजे पीक घरात आल्यावर देवाचे आभार मानण्याचा दिवस, दरवर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. मागे आम्ही मुलीकडे गेलो होतो तेव्हा नातवाने शाळेतून कागदाची टर्की करून आणली आणि सणाची गोष्ट सांगितली. गोष्ट छान होती, पण ही सुट्टी मंजूर कोणी केली ते तिच्यात नव्हते. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला सुट्टी म्हटली की आधी परिपत्रक आठवते. ते शोधता शोधता आम्हाला हेलबाई भेटल्या.

नातवाची गोष्ट १६२१ सालची. आदल्या वर्षी मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्रज माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली जवळजवळ निम्मी गेली. उरलेल्यांना तिथल्या वाम्पनोआग लोकांनी हात दिला. मका कसा पेरावा, खत म्हणून मातीत मासे कसे पुरावेत, हे शिकवले. शरद ऋतूत पीक आले तेव्हा दोन्हीकडची माणसे तीन दिवस एकत्र जेवली. पुढे याच लोकांच्या जमिनी गेल्या, लढाया झाल्या. म्हणून १९७० पासून त्यांचे वंशज आणि इतर मूळ रहिवासी याच दिवशी प्लिमथ गावी जमून शोक पाळतात. शाळेतल्या गोष्टीत तेही नसते. आणि त्या जेवणापासून सुट्टीपर्यंत सरळ रस्ता नाही, मध्ये सुमारे अडीचशे वर्षे आहेत.

सारा जोसेफा हेल यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या न्यूपोर्ट गावचा. माहेरचे आडनाव ब्यूएल. वडील स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. मुलींना कॉलेजचे दार बंद होते, तेव्हा डार्टमथ कॉलेजात शिकणाऱ्या भावाची पुस्तके घेऊन त्या घरीच शिकल्या, आणि पुढे गावच्या शाळेत मास्तरीण झाल्या. १८१३ मध्ये डेव्हिड हेल या वकिलाशी लग्न झाले. रोज रात्री आठ ते दहा नवरा-बायकोने मिळून वाचायचे, लिहायचे, असा त्या घरचा नेम होता.

१८२२ मध्ये डेव्हिड न्यूमोनियाने गेले. पदरी चार मुले, आणि पाचवे दोन आठवड्यांनी जन्मले. हेलबाईंचे वय चौतिसाच्या आत. त्या दिवसापासून त्यांनी काळा पोशाख घातला तो मरेपर्यंत, म्हणजे पुढची सत्तावन्न वर्षे, उतरवला नाही. आपल्याकडे त्या काळी अशा बाईचे काय होत असे ते वाचकांना सांगायला नको. हेलबाईंनी नणंदेबरोबर बायकांच्या टोप्यांचे दुकान काढून पाहिले. ते काही त्यांच्या मनाजोगते नव्हते. नवऱ्याच्या फ्रीमेसन मित्रांनी मदत केली, कवितांचे पुस्तक छापून दिले. मग १८२७ मध्ये त्यांची 'नॉर्थवुड' ही कादंबरी आली. तिच्यात एक अख्खे प्रकरण थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे आहे: टेबलाच्या मानाच्या जागी टर्की, शेवटी भोपळ्याचा पाय. आज फोटोत दिसणारे ताट साधारण तेच.

कादंबरीवर खूश होऊन बोस्टनहून एका स्त्रीमासिकाच्या संपादकपदाचे बोलावणे आले. १८३७ मध्ये ते मासिक लुई गोडी यांनी विकत घेतले आणि हेलबाई 'गोडीज लेडीज बुक'च्या संपादक झाल्या. पुढची चाळीस वर्षे त्या खुर्चीवर होत्या. १८६० च्या सुमारास खप दीड लाख होता. कोणत्या घरात काय शिजावे इथपासून मुलींनी काय शिकावे इथपर्यंत लाखो बायका हे मासिक पाहून ठरवीत.

१८४० ची एक गोष्ट आम्हाला हिशेबाच्या दृष्टीने फार आवडली. बंकर हिलच्या लढाईचे स्मारक पैशांअभावी अर्धवट पडले होते. बायकांनी शिवलेल्या-रांधलेल्या वस्तूंचा बाजार हेलबाईंनी बोस्टनमध्ये भरवला आणि तीस हजार डॉलर उभे केले. स्मारक पुरे झाले.

थँक्सगिव्हिंग तेव्हा मुख्यतः ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड राज्यांची रीत होती. तारीख दरवर्षी तिथला गव्हर्नर ठरवी, त्यामुळे एका राज्यात सण तर शेजारच्या राज्यात नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी देशभर एक दिवस जाहीर केला होता, पण जेफरसन यांनी असे जाहीरनामे काढायचे नाकारले आणि ती प्रथा पडली नाही. हेलबाईंचे मागणे साधे होते: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, साऱ्या देशाला एकच. १८४६ पासून त्यांनी दरवर्षी अग्रलेख लिहिले, सोबत पाककृती आणि सणाच्या कथा छापल्या, आणि राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना स्वतःच्या हाताने पत्रे पाठवली. राष्ट्राध्यक्ष टेलर, फिलमोर, पिअर्स, ब्यूकॅनन यांनाही लिहिले. एकेक राज्य हो म्हणत गेले, राष्ट्राध्यक्ष म्हणेनात. आमच्या नोकरीत तिसरे स्मरणपत्र गेले की बाबू नाराज होत. निवृत्तीनंतर आम्ही स्वतः एका कार्यालयाला थकबाकीसाठी चार पत्रे लिहिली, पाचवे लिहायचा धीर झाला नाही. हेलबाई सतरा वर्षे लिहीत होत्या.

हा अट्टहास पाककृतींसाठी नव्हता. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांपासून तुटत चालले होते. सारा देश एकाच दिवशी एकाच जेवणाला बसला तर तुटणार नाही, असे त्यांना खरोखर वाटे. दक्षिणेतल्या काहींना मात्र या सणातच उत्तरेकडच्या गुलामगिरीविरोधी पाद्र्यांचा वास येई. शेवटी १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलेच. इथे आम्हाला हेलबाईंचा एक दोष सांगावासा वाटतो. गोडींचे धोरण राजकारण नको असे होते, आणि माणसे हजारांनी मरत असताना या मासिकाने युद्धाचा शब्द काढला नाही. हेलबाईंनी ते चालवून घेतले. गुलामगिरी त्यांना मान्य नव्हती, पण त्यांचा तोडगा होता मुक्त झालेल्यांना आफ्रिकेत लायबेरियाला धाडण्याचा. ज्यांच्या चार पिढ्या अमेरिकेत राबल्या त्यांना परक्या देशात पाठवायचे, हा कसला न्याय?

२८ सप्टेंबर १८६३ रोजी, पंचाहत्तरीला महिना उरला असताना, त्यांनी लिंकन यांना पत्र लिहिले. गेटिसबर्गच्या भयंकर लढाईला तीन महिनेही झाले नव्हते. इतके कागद समोर असताना लिंकन यांनी हे पत्र बाजूला सारले असते तरी कोणी काही म्हटले नसते. पण सहाव्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, जाहीरनामा निघाला. मजकूर परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी लिहिलेला. पिकांचे आभार त्यात होतेच, पण विधवा, अनाथ आणि युद्धात होरपळलेल्यांसाठी प्रार्थनाही होती. २६ नोव्हेंबरला सण झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी राष्ट्राध्यक्ष तो जाहीर करू लागले.

बायकांच्या बाबतीत हेलबाई अर्ध्या पुढे, अर्ध्या मागे. मतदानाचा हक्क त्यांना नको होता. पण मुलींचे कॉलेज, शिक्षिकांच्या नोकऱ्या आणि स्त्री-डॉक्टर यांसाठी त्यांनी आयुष्यभर लेखणी चालवली. १८४१ पासून त्या फिलाडेल्फियात राहत. तिथे १८५० मध्ये स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या. त्याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. दोघींची गाठ मात्र पडायची नव्हती.

१८७७ च्या डिसेंबरात, एकोणनव्वदाव्या वर्षी, हेलबाईंनी संपादकपद सोडले. ३० एप्रिल १८७९ रोजी फिलाडेल्फियातच त्या गेल्या. सुट्टीचा कायदा त्यानंतर बासष्ट वर्षांनी झाला. १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून सण आठवडाभर अलीकडे ओढला, निम्म्या राज्यांनी ऐकले, निम्म्यांनी नाही, आणि पुन्हा दोन तारखा झाल्या. १९४१ मध्ये काँग्रेसने चौथा गुरुवार कायम केला.

एक राहिलेच. १८३० मध्ये हेलबाईंनी मुलांसाठी कवितांचे छोटे पुस्तक काढले होते, त्यात मेरी आणि तिच्या मागोमाग शाळेत जाणाऱ्या कोकराची कविता आहे. आपल्या सगळ्यांच्या नातवंडांनी बालवाडीत हातवारे करून म्हटलेली, तीच. यंदा नातू फोनवर कागदी टर्की दाखवेल तेव्हा त्याला विचारणार आहोत, मेरीच्या कोकराचा आणि तुझ्या सुट्टीचा संबंध काय ते सांग.