मोगलीचं जंगल कागदावर उतरवणारा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये मास्तर होता

मोगली म्हटलं की काय आठवतं? बगीरा, बल्लू, शेरखान आणि नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेलं अख्खं घर. पुस्तक वाचलं असेल तर एक नदीही आठवते. मोगलीच्या जंगलातून वाहणारी वैनगंगा.

ही नदी गोष्टीपुरती नाही. ती मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत खाली येते आणि पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगल जिल्ह्यांची हद्द आखत वाहते. चपराळ्याजवळ वर्धा नदीला भेटली की तिचं नाव प्राणहिता होतं. मोगलीच्या गोष्टी वरच्या अंगाला, शिवनीच्या डोंगरात घडतात. पण त्यातले वाघ, बिबटे, अस्वलं आणि रानकुत्री ताडोबाच्या कुठल्याही गाईडच्या रोजच्या ओळखीची आहेत.

या गोष्टी लिहिल्या रुडयार्ड किपलिंग यांनी. त्यांना १९०७ साली साहित्याचं नोबेल मिळालं, त्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण १८९४ आणि १८९५ साली आलेल्या ‘जंगल बुक’च्या दोन्ही भागांत जी चित्रं होती, त्यांच्यामागे एक दुसरा माणूस होता. पहिल्या भागात इतर चित्रकारांसोबत आणि दुसऱ्या भागात एकट्याने त्याने हे जंगल रेखाटलं.

तो माणूस म्हणजे रुडयार्ड यांचे वडील, जॉन लॉकवुड किपलिंग. आणि ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दहा वर्षं मास्तर होते.

पाद्र्याचा मुलगा कुंभारकामाच्या कारखान्यात

लॉकवुड यांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या पिकरिंग गावातला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. पोरानेही शिकून धर्मकार्याला लागावं, असं त्या घरात कुणाला वाटलं असतं तर नवल नव्हतं.

पण १८५१ साली लंडनमध्ये एक प्रचंड प्रदर्शन भरलं. काचेच्या भल्यामोठ्या इमारतीत, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये, जगभरच्या वस्तू मांडल्या होत्या. वाफेवर चालणारी यंत्रं होती आणि भारतातून आलेले विणलेले, कोरलेले, घडवलेले जिन्नसही होते. शाळकरी लॉकवुडने हे प्रदर्शन पाहिलं आणि आपल्याला हाताने वस्तू घडवायच्या आहेत हे त्याच्या मनाने घेतलं.

मग तो स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम इथे गेला. हा भाग म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडाच. तिथल्या चिनी मातीच्या कारखान्यात तो उमेदवारी करायला लागला. माती कशी मळायची, नक्षी कशी उठवायची, साचा कसा काढायचा, सगळं तो कामावरच शिकला. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या सजावटीचं काम त्याला मिळालं. आज हेच म्युझियम व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ओळखलं जातं. त्याच्या भिंतीवरच्या एका मोझेकमध्ये, इमारत घडवणाऱ्या माणसांच्या रांगेत, दाढीवाले लॉकवुड आजही दिसतात.

१८६३ साली स्टॅफर्डशायरमधल्या एका तलावाकाठी सहलीत त्यांची ॲलिस मॅकडोनल्डशी ओळख झाली. तलावाचं नाव होतं रुडयार्ड. मुलाच्या नावाचा उगम तो हाच. मार्च १८६५ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि काही आठवड्यांतच ते मुंबईच्या बोटीत बसले.

मुंबई बदलत होती, आणि बुडतही होती

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा उभी राहिली. लॉकवुड तिथे वास्तुशिल्प शिकवायला आले, म्हणजे इमारतींवरची शिल्पं आणि कोरीवकाम.

त्यांच्या येण्याची वेळ मात्र विचित्र होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेअरबाजाराचा फुगा फुटला. रातोरात श्रीमंत झालेले लोक तितक्याच वेगाने रस्त्यावर आले.

तरीही शहर बांधलं जात होतं. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याच्या जुन्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या जागेवर गॉथिक पद्धतीच्या सरकारी इमारती उठू लागल्या. या इमारतींना पानं, फुलं, पक्षी, प्राणी, माणसांचे चेहरे असं सगळं दगडात हवं होतं. ते कोरणार कोण? एकेक शिल्प इंग्लंडहून मागवणं परवडणारं नव्हतं. म्हणून हात इथेच तयार करायचे होते.

जे. जे. मध्ये त्यासाठी तीन कार्यशाळा सुरू झाल्या. सजावटीच्या चित्रकलेला जॉन ग्रिफिथ्स, धातुकामाला हिगिन्स आणि शिल्पकामाला किपलिंग. हेच ग्रिफिथ्स पुढे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यात त्यांनी वर्षानुवर्षं घालवली.

या कामाची पद्धत अशी असते. आधी मातीत आकार घडवायचा. तो पटेपर्यंत मोडायचा, पुन्हा करायचा. मग त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि तो नमुना समोर ठेवून दगडावर छिन्नी चालवायची. माती चूक माफ करते, दगड करत नाही. म्हणून शिकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून हात कुठे थांबला पाहिजे हे दाखवणारा माणूस लागतो. लॉकवुड स्वतः कारखान्यात असेच शिकलेले होते.

त्यांचं मुंबईतलं सगळ्यात ओळखीचं काम रोज हजारो लोकांच्या डोक्यावर असतं. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेलं क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली तयार झालं. त्याच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं लॉकवुड यांची. त्यात ना राणी आहे, ना लाटसाहेब. आहेत ती शेतात आणि बाजारात कष्ट करणारी इथली माणसं. आज या बाजाराला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव आहे. शेतकऱ्याचं दुःख मांडणाऱ्या माणसाचं नाव आणि दारावर कष्टकऱ्यांची शिल्पं, हा योगायोग भारी जुळून आलाय.

घरातली किंमत

३० डिसेंबर १८६५ ला जे. जे. च्याच आवारात रुडयार्डचा जन्म झाला. १८६८ मध्ये बहीण ट्रिक्स झाली. १८७० मध्ये झालेलं तिसरं बाळ मात्र जन्मल्यावर लवकरच दगावलं.

तेव्हाच्या गोऱ्या कुटुंबांत एक रीत होती. हिंदुस्थानातल्या तापाच्या साथींच्या भीतीने आणि मुलं पक्की इंग्रज व्हावीत म्हणून त्यांना लहानपणीच विलायतेला धाडायचं. १८७१ साली किपलिंग दांपत्यानेही तेच केलं. सहाव्या वर्षाला टेकलेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स साउथसी गावातल्या एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवली गेली. ते घर वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून निवडलेलं होतं. आईवडील मुंबईला परतले. मुलांना हे कुणी नीट समजावूनही सांगितलं नाही.

त्या घरात रुडयार्डचा जवळपास सहा वर्षं छळ झाला. त्याची आठवण त्याने आयुष्यभर काढली. शेकडो पोरांना प्रेमाने शिकवणाऱ्या मास्तरांची स्वतःची दोन पोरं त्या काळात त्यांच्याजवळ नव्हती. लॉकवुड यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना हे पान गाळता येत नाही.

मास्तर स्वतः शिकायला निघतात

१८७० मध्ये सरकारने लॉकवुड यांना उत्तर हिंदुस्थानातल्या कारागिरांची चित्रं काढायला पाठवलं. विणकर, कुंभार, सुतार, कापडावर छपाई करणारे, धातूवर नक्षी करणारे असे कितीतरी लोक त्यांनी कामावर बसलेले असतानाच रेखाटले. बसायची पद्धत, पायाच्या अंगठ्यात धरलेली वस्तू, हत्याराची पकड, सगळं त्या चित्रांत आहे.

इंग्लंडहून शिकवायला आलेल्या माणसासाठी हा प्रवास महत्त्वाचा होता. कारण ज्यांना शिकवायला आपण आलो, त्यांच्या हातात शेकडो वर्षांची विद्या आधीच आहे, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि ती विद्या मरत होती. विलायती गिरण्यांचं कापड आणि कारखान्यांचा स्वस्त माल कारागिराच्या पोटावर पाय देत होता. ज्या राजवटीने हे केलं तिच्याच पगारावर लॉकवुड त्या कारागिरीला वाचवायला निघाले होते. हा विरोधाभास त्यांच्या कामातून शेवटपर्यंत गेला नाही.

१८७५ साली ते लाहोरला गेले. अंदमानात मारल्या गेलेल्या लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ तिथे कलाशाळा निघाली होती, तिचे ते पहिले प्राचार्य झाले. शिवाय लाहोर म्युझियमची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

तेव्हा कलाशाळांत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून हात बसवून घेत. लॉकवुड यांनी पोरांना शहरातच हिंडवलं. सतराव्या शतकातल्या वजीर खान मशिदीच्या भिंती बघा, जुन्या हवेल्यांचे कोरीव सज्जे बघा, गालिचे बघा आणि त्यावरून काढा, असा त्यांचा खाक्या होता. शाळेत येणारी बरीच पोरं कारागिरांच्या घरातली होती. १८८४ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’ सुरू झालं, त्याचं संपादनही त्यांनी पाहिलं. इथल्या कारागिरीची सविस्तर, सचित्र नोंद त्यातून होऊ लागली.

सुताराचा पोर राणीच्या महालात

मास्तर कसा होता हे विद्यार्थ्यावरून कळतं. लॉकवुड यांचा सगळ्यात गाजलेला विद्यार्थी म्हणजे भाई रामसिंग. पंजाबातल्या सुतार घरातला हा मुलगा मेयो स्कूलच्या पहिल्या तुकड्यांमधला.

व्हिक्टोरिया राणीला आईल ऑफ वाइट बेटावरच्या आपल्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये हिंदुस्थानी थाटाचा दरबार हॉल हवा होता. किपलिंग यांच्याकडे विचारणा झाली आणि त्यांनी रामसिंग यांचं नाव पुढे केलं. १८९१ च्या सुमारास रामसिंग यांनी तिथे राहून भिंती, छत, मोर, जाळ्या अशी एकेक नक्षी उभी केली. राणीने त्यांचं चित्रही काढून घेतलं. तो हॉल आजही पाहता येतो.

रामसिंग तिथेच थांबले नाहीत. अमृतसरच्या खालसा कॉलेजसारख्या इमारतींचा आराखडा त्यांनी केला आणि पुढे ज्या शाळेत ते शिकले, त्याच मेयो स्कूलचे प्राचार्य झाले. आज ती शाळा नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स या नावाने पाकिस्तानातल्या महत्त्वाच्या कलासंस्थांपैकी एक आहे.

इकडे मुंबईत लॉकवुड गेल्यावरही कार्यशाळा चालूच राहिली. १८७८ पासून दहा वर्षं बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी, उभं राहत होतं. त्याच्यावरच्या सजावटीसाठी जे. जे. च्या विद्यार्थ्यांचे हात लागले.

बाप-लेक पुन्हा एका कामावर

१८८२ साली सोळा वर्षांचा रुडयार्ड लाहोरला आईवडिलांकडे परत आला आणि तिथल्या वर्तमानपत्रात नोकरीला लागला. साउथसीमध्ये हरवलेली वर्षं परत मिळणार नव्हती. पण बापाच्या म्युझियममध्ये, त्याच्या पुस्तकांत आणि गप्पांत त्याला हिंदुस्थान नव्याने भेटला. रुडयार्ड आपलं लिखाण वडिलांना दाखवायचा आणि त्यांचं ऐकायचा.

१८९१ मध्ये लॉकवुड यांनी भारतातली माणसं आणि जनावरं यांच्या नात्यावर एक सचित्र पुस्तक लिहिलं. बैल, हत्ती, माकडं, कावळे यांच्याबद्दलचं त्यांचं निरीक्षण पुढे मुलाच्या जंगलकथांना फार कामाला आलं. १८९३ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडमधल्या टिस्बरी गावी राहायला गेले. वैनगंगेकाठचा मोगली त्यांच्या रेघेतून उमटला तो या काळात.

१९०१ मध्ये रुडयार्ड यांची ‘किम’ कादंबरी आली. तिच्यासाठी लॉकवुड यांनी नुसती चित्रं काढली नाहीत. साठी ओलांडलेल्या या माणसाने पुन्हा माती हातात घेतली, उठावशिल्पं घडवली आणि त्यांचे फोटो पुस्तकात छापले गेले. कादंबरीच्या सुरुवातीला लाहोरच्या अजायबघराचा एक प्रेमळ, ज्ञानी साहेब भेटतो. मुलाने वडिलांना पुस्तकात असं कायमचं बसवलं.

नोव्हेंबर १९१० मध्ये ॲलिस गेल्या आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १९११ मध्ये, लॉकवुडही गेले.

पुढची शंभर वर्षं त्यांची ओळख नोबेलवाल्या लेखकाचा बाप एवढीच राहिली. २०१७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्यांच्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. उमेदीच्या काळात ज्या इमारतीची सजावट केली, तिथेच त्यांच्या नावाची पाटी लागली.

पण या कामात बहुतेकांच्या वाट्याला पाटी येतच नाही. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर मार्कंडा देवस्थान आहे. तिथल्या देवळांच्या भिंती इंच न् इंच कोरलेल्या आहेत. शेकडो वर्षांनंतरही लोक त्या बघायला जातात, पण छिन्नी धरणाऱ्या हातांची नावं कुणालाच सांगता येत नाहीत. बोरीबंदरचं पान-फूल कोरणाऱ्या बहुतेक पोरांचंही तेच झालं.

तेव्हा पुढच्या वेळी क्रॉफर्ड मार्केटला खरेदीला गेलात तर आत शिरण्याआधी एकदा मान वर करून कमानींकडे बघा. दीडशे वर्षांपूर्वी मातीत हात घालून एका मास्तरने घडवलेली माणसं तिथे अजून काम करताना दिसतील.