लोकांना बोलतं करणारे गाडगेबाबा



शताब्दीच्या या अंकात संतचरित्रं बरीच येतील. मी गाडगेबाबांचं घेतलंय. बाबा कुठल्या फडाचे नव्हते, त्यांनी शिष्यही केले नाहीत. वारीला पंढरीत येत, ते देवळात जायला नव्हे, खराटा घेऊन वाळवंट झाडायला. तरी हजारो माणसं त्यांच्या शब्दाखातर कामाला लागत. हे कसं घडायचं, ते दिंडी चालवणाऱ्यानं तरी समजून घ्यावं असं मला वाटतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेणगावला, परटाच्या घरी झाला. बाप दारूपायी लवकर गेला. आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाची गुरं राखत, शेत कसत डेबू वाढला. शाळा नाही. पुढं मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. न वाचता आलेल्या कागदानं घर कसं बुडतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. जन्मभर बाबा कर्ज काढू नका आणि पोरं शाळेत घाला, हेच का सांगत राहिले, त्याचं मूळ मला इथं दिसतं.

लेकीच्या बारशाला भाऊबंदांनी दारू-मटणाची वाट पाहिली, डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. कुरकुर झाली. पण आधी स्वतःच्या घरी केलं, मग लोकांना सांगितलं, ही रीत तेव्हापासूनची.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर, हातात खराटा. गावात शिरले की कोणाशी न बोलता झाडायला लागत. दिवसभर गाव त्यांना झाडताना बघायचं, आणि संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहिलेला दिसायचा. तोवर निम्मं सांगून झालेलं असायचं. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरू उतारावर घसरत, तिथं बाबांनी आधी स्वतः माती-दगड वाहिले. घाट नंतर उभा राहिला.

कीर्तनाची तऱ्हाही न्यारी. पोथी नाही, संस्कृत नाही, साधी वऱ्हाडी बोली. आणि सांगण्यापेक्षा विचारणं जास्त. देवाला अंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, नैवेद्याला कुत्रं आलं तर काठी कोण घेतं? लोक ओरडून उत्तर देत, आम्ही! मग बाबा गप्प राहत. आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर माणसाला खोडता येत नाही. देव तुम्हाला सांभाळतो की तुम्ही देवाला, हा सवाल काही वारकऱ्यांना आजही टोचतो. मलाही टोचला होता. पण ज्यानं पंढरी, आळंदी, देहूला गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, त्याला नास्तिक म्हणायला जीभ वळत नाही.

बाबा गोड बोलत असं नाही. पाया पडणाऱ्याला काठीही बसायची. तरी माणूस दुरावत नसे, कारण बाबांनी स्वतःला वेगळं काढलेलंच नव्हतं. उष्ट्या पत्रावळी तेही उचलत, भाकरी मागून खात. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

मी स्वतः कित्येक वर्षं मुक्कामावर भोंग्यावरून ओरडतोय, की पत्रावळी टाकू नका, पाणी सांडू नका. कोणी ऐकत नाही. गेल्या साली घसा बसला म्हणून मुकाट्यानं झाडू घेतला, तर दोन म्हाताऱ्या माउल्या आपण होऊन पुढं आल्या. तेव्हा बाबा थोडे कळले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. त्याआधी महिना-दीड महिना, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. बाबांचा आवाज थकलेला आहे. पण प्रश्न आला की समोरच्या माणसांची उत्तरंही त्यात ऐकू येतात.